साका बारीक पडतो तेव्हा: अवक्षेपणातलं मिश्रण तपासायचं आणि सुधारायचं कसं

बीएस्सीला भारमापनात्मक विश्लेषण (वजनावरून प्रमाण काढणं) केलेल्या प्रत्येकाने बेरियम सल्फेटचा साका, म्हणजे द्रावणातून सुटून खाली बसणारा घन पदार्थ, पाडलेला असतो. सल्फेटचं द्रावण पातळ करायचं, उकळीच्या जवळ आणायचं, बेरियम क्लोराइड थेंबाथेंबाने सोडायचं, काचकांडी फिरवत राहायची आणि मग साका जलतापकावर मुरू द्यायचा. यातली एखादी पायरी घाईत उरकली तर व्हॉटमन ४२ या बारीक गाळणकागदातूनही दुधाळ पाणी खाली उतरतं. या सूचना वहीत असतात, त्यांच्यामागचं कारण बहुतेकदा नसतं. पुढे महाड, लोटे, तारापूर किंवा कुरकुंभच्या एखाद्या प्लांटमध्ये ५,००० लिटरच्या रिॲक्टरसमोर उभं राहिल्यावर मात्र नेमकं तेच कारण हवं असतं. प्रयोगशाळेत भराभर गाळला गेलेला माल तिथे चिखलासारखा बसतो आणि सेंट्रिफ्यूज मोकळा होत नाही.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक जण म्हणतो, आरपीएम (ढवळणाऱ्या पात्याच्या मिनिटाला फेऱ्या) वाढवा. दुसरा म्हणतो, आरपीएम वाढवलात तर माल आणखी बारीक होईल. दोघांनीही आपापल्या जागी खरं पाहिलेलं असतं. जोराच्या मिश्रणाने स्फटिक बारीक होतील की मोठे, हे नुसत्या वेगावर ठरत नाही. कोणता प्रवाह कशात, किती प्रमाणात आणि कोणत्या जागी मिसळतोय यावर ते ठरतं. हे आपल्या भांड्यात कसं तपासायचं आणि उत्तर हाती आल्यावर काय बदलायचं, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी घड्याळं समजून घ्या

द्रावणात मावेल त्यापेक्षा जास्त पदार्थ विरघळलेल्या अवस्थेत असला की त्या स्थितीला अतिसंपृक्तता म्हणतात. या जास्तीच्या मालातून दोन कामं होतात. नवी केंद्रकं, म्हणजे स्फटिकांचे पहिले इवले कण, उमटतात आणि आधी उमटलेले स्फटिक वाढतात. वाढीचा वेग अतिसंपृक्ततेबरोबर बेताबेताने चढतो. केंद्रकनिर्मितीचं तसं नाही. एका मर्यादेखाली ती जवळजवळ शून्य असते आणि मर्यादा ओलांडली की घातांकी वेगाने उसळते. पदार्थाचं एकूण वजन तर ठरलेलंच असतं. ते आठपट जास्त केंद्रकांत वाटलं गेलं तर प्रत्येक स्फटिकाची लांबी निम्मी होते. त्यामुळे भांड्याच्या एखाद्या कोपऱ्यात क्षणभर जरी अतिसंपृक्तता उसळली, तरी त्या क्षणात जन्मलेली केंद्रकं सगळ्या बॅचचं भवितव्य ठरवून जातात.

आता मिश्रण. आयन स्वतःच्या गतीने पाण्यात फार हळू पसरतात. १ मिलिमीटर जाडीचा थर पार करायला त्यांना पंधरा मिनिटांच्या वर लागतात, १ मायक्रॉनचा थर मात्र सुमारे १ मिलिसेकंदात पार होतो. म्हणजे ढवळणाऱ्याचं खरं काम थर पातळ करण्याचं आहे, शेवटचं मिसळणं आयन आपापलं करतात. हे थर पातळ होणं तीन पातळ्यांवर चालतं. सगळ्या भांड्यात माल एकसारखा पसरणं ही पहिली पातळी, तिला सेकंद लागतात. डोसिंग पाइपच्या (दुसरं द्रावण सोडणाऱ्या नळीच्या) तोंडाशी तयार झालेला दाट प्रवाह फुटून विरणं ही दुसरी. सर्वांत लहान भोवऱ्यांच्या आत दोन द्रव एकमेकांत गुंडाळले जाऊन रेणूंपर्यंत मिसळणं ही तिसरी, तिला म्हणायचं सूक्ष्ममिश्रण. पाण्यासारख्या द्रवात ढवळण्याची ऊर्जा किलोला १ वॅट असेल तर सर्वांत लहान भोवरा सुमारे ३० मायक्रॉनचा असतो आणि सूक्ष्ममिश्रणाला साधारण १७ मिलिसेकंद लागतात.

हा शेवटचा आकडा बाल्डिगा आणि बॉर्न या संशोधकांच्या सूत्रातून येतो आणि ते सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं इतकं उपयोगी आहे. द्रवाचा शुद्धगतिक चिकटपणा (पाण्यासाठी प्रतिसेकंद ०.०००००१ चौरस मीटर) भागिले किलोमागे वॅट, त्याचं वर्गमूळ, गुणिले १७.३. उत्तर सेकंदांत येतं.

मिश्रणाला लागणारा वेळ आणि केंद्रक उमटायला लागणारा वेळ, यांच्या गुणोत्तराला डामक्योलर अंक म्हणतात. तो १ पेक्षा बराच लहान असेल तर आधी मिश्रण पुरं होतं आणि नंतर स्फटिक जन्मतात. अशा वेळी आरपीएमशी खेळून काही साधत नाही. तो मोठा असेल तर द्रव धड मिसळण्याआधीच, दोन द्रवांच्या सीमेवर, स्फटिक जन्माला येऊन मोकळे होतात. अवक्षेपणाच्या, म्हणजे साका पाडण्याच्या, बहुतेक तक्रारी या दुसऱ्या गटातल्या असतात.

एकाच वेगाची दोन उलटी उत्तरं

दोन मांडण्या डोळ्यांसमोर आणा. पहिलीत दोन्ही द्रावणं समान प्रवाहाने एका टी-जोडात समोरासमोर आदळतात. इथे जितकं जलद मिश्रण, तितकी केंद्रकं उमटण्याआधी अतिसंपृक्तता पूर्ण उंची गाठते. केंद्रकं भरपूर येतात आणि स्फटिक बारीक व एकसारखे पडतात. वेग आणखी वाढवत नेला की एका टप्प्यानंतर आकार बदलायचा थांबतो, कारण तिथे मिश्रणाने केंद्रकनिर्मितीला मागे टाकलेलं असतं.

दुसरीत एक द्रावण भांड्यात आहे आणि दुसरं त्यात हळूहळू सोडलं जातंय. प्लांटमधली बहुतेक अवक्षेपणं अशीच असतात. इथे सगळ्यात जास्त अतिसंपृक्तता पाइपच्या तोंडाशी असते. ढवळणं जोरात असेल तर तो दाट प्रवाह भांड्यातल्या पातळ द्रवात लगेच विरतो, शिखर खाली येतं, केंद्रकं कमी उमटतात आणि स्फटिक मोठे होतात. त्याच वेगाचा परिणाम उलटा झाला.

मात्र हे एका मर्यादेपर्यंतच. सोडियम बेंझोएटच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल सोडून बेंझोइक आम्लाचे स्फटिक पाडण्याचे प्रयोग या विषयात प्रसिद्ध आहेत. त्यांत आरपीएम वाढवला तसा स्फटिकांचा सरासरी आकार आधी वाढला, शिखरावर पोहोचला आणि मग उतरला. अति जोराच्या ढवळण्यात स्फटिक पात्यांवर आपटून तुटतात आणि त्यांचे कण नवी केंद्रकं बनतात, हे त्या उताराचं एक मोठं कारण. सल्ला देणारे दोघे याच वक्राच्या दोन बाजूंना उभे असतात.

तपासणीसाठी मी हीच अभिक्रिया सुचवेन. बेंझोएट सहज मिळतं, पदार्थ फारसे धोक्याचे नाहीत, स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात आणि गाळून वजन करता येतात. स्वतःच्या पदार्थाकडे वळण्याआधी हात इथे बसवून घ्यावा.

पायरी १: भांडं

११ सेंटिमीटर आतल्या व्यासाचं, १ लिटरचं भांडं घ्या. भिंतीला चार उभ्या पट्ट्या लावा, प्रत्येकी सुमारे १ सेंटिमीटर रुंद. या पट्ट्यांवाचून सगळा द्रव दांड्याभोवती एकसाथ गरगरतो, मधे खड्डा पडतो, हवा आत ओढली जाते आणि मिश्रण मात्र होत नाही. बेंझोइक आम्लाला पाणी नीट धरत नाही, त्यामुळे हवेचे बुडबुडे असतील तर स्फटिक फेसाबरोबर वर तरंगतात आणि प्रयोग वाया जातो. चुंबकीय ढवळणी या कामाला नको. तिचा वेग भार वाढला की घसरतो, ती स्फटिक दळते आणि तिच्या ऊर्जेचा हिशेब लागत नाही. वरून बसवलेला, आरपीएम दाखवणारा स्टिरर घ्या. त्याला ५ सेंटिमीटर व्यासाचं, ४५ अंशांत तिरपी चार पाती असलेलं, द्रव खाली ढकलणारं पातं लावा आणि ते तळापासून ३ ते ४ सेंटिमीटरवर ठेवा.

ऊर्जेचा हिशेब असा. पात्याचा पॉवर नंबर (पात्याच्या आकारावर ठरणारा अंक), द्रवाची घनता, सेकंदाला फेऱ्यांचा घन आणि व्यासाचा पाचवा घात यांचा गुणाकार म्हणजे वॅट. या प्रकारच्या पात्याचा पॉवर नंबर सुमारे १.३ असतो. ४०० आरपीएमला सुमारे ०.१२ वॅट येतात. भांड्यात सरासरी ८०० ग्रॅम द्रव धरला तर किलोला ०.१५ वॅट, म्हणजे सूक्ष्ममिश्रणाला सुमारे ४५ मिलिसेकंद. २०० आरपीएमला हाच वेळ सुमारे १२५ मिलिसेकंद होतो आणि ८०० ला सुमारे १६. आरपीएम दुप्पट केला की ऊर्जा आठपट लागते आणि वेळ जेमतेम तिसऱ्या हिश्शावर येतो, हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढे मोठ्या रिॲक्टरवर ते खिशाला भिडतं.

पायरी २: द्रावणं

३०.३ ग्रॅम सोडियम बेंझोएट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ७०० मिली करा, म्हणजे ०.३ मोलर. दुसरीकडे १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. संहत आम्लाचे सुमारे ८५ मिली आधीच घेतलेल्या पाण्यात सावकाश ओतून १ लिटर करावेत आणि नेमकी संहती अनुमापनाने ठरवावी. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. काम धूरपेटीत करायचं आणि चष्मा लावायचा. कोरडं बेंझोइक आम्ल नाकाला झोंबतं, म्हणून ते हाताळताना मास्क वापरा. दोन्ही द्रावणं गाळून घ्या. धुळीचे कण आयती केंद्रकं ठरतात.

पूर्ण अभिक्रियेला २१० मिली आम्ल लागेल आणि २५.६ ग्रॅम बेंझोइक आम्ल तयार होईल. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ३.४ ग्रॅम विरघळलेलंच राहतं, म्हणून हाती सुमारे २२ ग्रॅम यायला हवं. ४० अंशांना विद्राव्यता ५.५ ग्रॅमवर जाते. म्हणून भांडं २५ अंशांच्या पाण्यात बसवणं टाळू नका. मे महिन्यातली आणि डिसेंबरातली बॅच वेगळी निघण्याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं.

पायरी ३: पाइपचं तोंड

सबंध कामातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. भांड्यात ऊर्जा सारखी वाटलेली नसते. पात्याच्या टोकाजवळ ती सरासरीच्या दहापट किंवा त्याहून जास्त असते, तर पृष्ठभागाजवळ सरासरीच्या दहाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरते. या दोन जागांत ऊर्जेचा शंभरपट फरक धरला तर सूक्ष्ममिश्रणाच्या वेळेत दहापट फरक पडतो. पृष्ठभागावर आम्ल सोडत राहून तेवढाच फायदा नुसत्या आरपीएमने मिळवायचा, तर ४०० वरून १,८५० च्या आसपास जावं लागेल, आणि तोवर स्फटिकांचा चुरा झालेला असेल. पाइप चार-पाच सेंटिमीटर खाली न्यायला मात्र काही खर्च नाही.

म्हणून दोन जागा आखून घ्या. पहिली, पात्याच्या टोकाच्या सरळ रेषेत, पात्यापासून ५ ते ८ मिलिमीटरवर. दुसरी, पृष्ठभागावर, दांडा आणि भिंत यांच्या मधोमध.

पाइप बारीक घ्या, आतला व्यास १ मिलिमीटर. २१० मिली ३० मिनिटांत म्हणजे मिनिटाला ७ मिली, आणि १ मिलिमीटरच्या पाइपातून त्याचा वेग सेकंदाला १५ सेंटिमीटर होतो. पाइप जाड असेल तर हा वेग फार पडतो. पात्याजवळचा खळाळता द्रव उलट पाइपात शिरतो, स्फटिक तोंडातच जमतात आणि तोंड बुजतं. पंप अंगठ्यासारखा दाबत चालणारा असेल तर त्याचे ठोके मऊ करायला मधे लवचीक नळीचा लांब तुकडा ठेवा. सिरिंज पंप असेल तर उत्तम.

पायरी ४: चालवणं, आणि पहिली तीन मिनिटं डोळे न हलवणं

४०० आरपीएम, ३० मिनिटांचं डोसिंग, पाइप पृष्ठभागावर. सुरू करा आणि पाइपच्या तोंडाखाली पाहत राहा. पहिली सुमारे २० मिली आम्ल जाईपर्यंत भांड्यातलं एकूण द्रावण संपृक्तसुद्धा झालेलं नसतं, हिशेबाने साका पडायलाच नको. तरीही तोंडाशी पांढरे धागे उमटतात आणि खाली जाता जाता विरघळून नाहीसे होतात. जिथे धागा दिसतो तिथे अतिसंपृक्तता आहे. स्थानिक अतिसंपृक्तता उघड्या डोळ्यांनी दिसण्याची अशी संधी फार कमी अभिक्रियांत मिळते. भांड्यामागे काळा कागद आणि बाजूने एक टॉर्च एवढं पुरतं. मोबाइलवर चित्रण करून ठेवा. आता पाइप पात्याजवळ नेऊन तेच पाहा. धागे आखूड होतील किंवा दिसेनासे होतील.

डोसिंग संपल्यावर अर्धा तास त्याच वेगाने ढवळत ठेवा आणि मग नमुना घ्या. किती वाजता काय केलं हे प्रत्येक वेळी तंतोतंत सारखं असायला हवं, कारण मुरण्याने बारीक स्फटिक विरघळून मोठ्यांवर चढतात.

पुढच्या बॅचमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी पाइपची जागा, मग आरपीएम २०० आणि ८००, मग डोसिंगचा वेळ १५ आणि ६० मिनिटं. मूळ बॅच मात्र आधी तीनदा करून तिच्यातला आपसूक फरक किती ते पाहा. तो कळल्याशिवाय बाकीच्या कोणत्याही फरकाला अर्थ नाही. २०० आरपीएमला तळाशी स्फटिक साचून बसत नाहीत ना, तेही बघा. बसलेले स्फटिक वाढीत भाग घेत नाहीत आणि आपण दोष मिश्रणाला देतो.

आणखी एक बॅच अशी करा, जिला बरेच जण फाटा देतात. ४०० ला डोसिंग पूर्ण करा आणि त्यानंतर एक तास ८०० ला ढवळा. आकार घसरला तर ती तुटफूट आहे, मिश्रणाचा त्यात हात नाही. ही तुलना केल्याशिवाय ८०० च्या बॅचबद्दल काहीही ठामपणे म्हणू नये.

पायरी ५: मोजमाप

नमुना पातळ करायचा तो त्याच बॅचच्या गाळलेल्या मदर लिकरने, म्हणजे स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रवाने. साध्या पाण्यात बेंझोइक आम्ल विरघळतं आणि सर्वांत आधी बारीक स्फटिक नाहीसे होतात, म्हणजे ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला तेच. सूक्ष्मदर्शकाचा दिवाही थोडाच वेळ चालू ठेवा, त्याच्या उष्णतेने काचपट्टीवरचे कण बदलतात. मोजपट्टीची स्लाइड वापरून किमान काहीशे स्फटिकांची लांबी नोंदवा. चार सुंदर मोठे स्फटिक निवडून फोटो काढण्याचा मोह आवरा. लेझर डिफ्रॅक्शनची सोय असेल तर चांगलंच, पण ते यंत्र कणाला गोल समजतं. चपट्या पत्र्यांसारख्या स्फटिकांत त्याचे आकडे फक्त एकमेकांशी तुलनेसाठी वापरा.

मला स्वतःला सर्वांत विश्वासार्ह वाटते ती गाळण्याची चाचणी, कारण प्लांटला शेवटी तेच हवं असतं. ठरावीक व्हॅक्यूम, ठरावीक बुखनर फनेल, ठरावीक मात्रा. गाळलेल्या द्रवाची दर ५० मिलीची वेळ लिहा. वेळ भागिले घनफळ उभ्या अक्षावर आणि घनफळ आडव्या अक्षावर मांडलं तर सरळ रेषा येते आणि तिचा चढ म्हणजे केकचा अडथळा. हा अडथळा कणाच्या आकाराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. कण निम्मे झाले की गाळायला साधारण चौपट वेळ.

उत्तर वाचायचं कसं

जागा, आरपीएम, डोसिंगचा वेळ, काहीही बदललं तरी आकार तोच राहिला, तर मिश्रणाचा पिच्छा सोडा. कच्च्या मालातली अशुद्धी, तापमान आणि पीएच यांच्याकडे वळा.

जागा आणि आरपीएमने फरक पडतो पण डोसिंग लांबवून पडत नाही, तर सूक्ष्ममिश्रण आडवं येतंय.

डोसिंग लांबवूनही फरक पडत असेल तर घाई करू नका. पाइपच्या तोंडाशी दाट प्रवाह साचत असेल, किंवा हळू सोडल्यामुळे सगळ्या भांड्यातलीच अतिसंपृक्तता खाली आली असेल. दोन्हींचं लक्षण एकच. वेगळं करायला एकूण वेळ ३० मिनिटंच ठेवून आम्ल दोन पाइपांतून, समोरासमोरच्या दोन जागी सोडा. एवढ्याने स्फटिक मोठे झाले तर दोष तोंडाशी साचणाऱ्या प्रवाहाचा.

या साऱ्या तपासणीला आधार म्हणून मिश्रण स्वतंत्रपणे मोजता येतं, स्फटिकांशिवाय. फ्रान्समधल्या नान्सीच्या संशोधकांनी रुळवलेली आयोडाइड-आयोडेट चाचणी त्यासाठी आहे. भांड्यात बोरेट बफर, पोटॅशियम आयोडाइड आणि शेवटी पोटॅशियम आयोडेट घालायचं, आणि त्यात बोरेटला पुरेल त्यापेक्षा कमी आम्ल सोडायचं. मिश्रण चोख असेल तर सगळं आम्ल बोरेट तात्काळ गिळतं. ढिलं असेल तर जागच्या जागी उरलेल्या आम्लामुळे आयोडीन सुटतं आणि द्रव पिवळा होतो. ट्रायआयोडाइडचं शोषण ३५३ नॅनोमीटरला मोजलं की दोन पाइप-जागांची तुलना आकड्यात मिळते. महाविद्यालयातला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर यासाठी पुरेसा आहे.

बारीकच हवे असतील तर

रंगद्रव्यं, भरणद्रव्यं, अल्पविद्राव्य औषधं यांत बारीक आणि एकसारखे कणच हवे असतात. तिथे भांडं सोडून टी-जोडाकडे यावं. १ मिलिमीटरच्या दोन नळ्या समोरासमोर, बाहेर पडायला दीड मिलिमीटरची तिसरी. २० मिलीच्या दोन सिरिंजचे दट्टे एकाच पट्टीने दाबा, म्हणजे दोन्ही प्रवाह समान राहतील. २० सेकंदांत रिकाम्या झाल्या तर प्रत्येक नळीत वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटर होतो आणि मिश्रणाचा वेळ एक-दोन मिलिसेकंदांच्या घरात येतो. पहिले आणि शेवटचे काही मिली फेकून द्या, तेव्हा प्रवाह स्थिर नसतो. मधला भाग ढवळत्या पाण्यात पकडा, म्हणजे कण एकमेकांना चिकटणार नाहीत.

इथे बेरियम सल्फेट चांगलं. त्याची विद्राव्यता लिटरला सुमारे २.४ मिलिग्रॅम इतकीच आहे, त्यामुळे पाण्यात पकडून ते विरघळत नाही. ०.०२ मोलर बेरियम क्लोराइड आणि तितकंच सोडियम सल्फेट घेतलं तर मिसळल्यावर संहती विद्राव्यतेच्या सुमारे ९५० पट होते. आयनांची क्रियाशीलता धरली की आकडा उतरतो, तरी केंद्रकनिर्मिती भडकायला पुरून उरतो. सिरिंज वेगवेगळ्या वेगाने दाबून नमुने घ्या आणि आकार कुठे स्थिरावतो ते शोधा. संहती वाढवत नेलीत तर आकारच नव्हे तर घडणही बदलते, चपट्या स्फटिकांच्या जागी फांद्या फुटलेले दिसू लागतात. विरघळलेलं बेरियम विषारी आहे. हातमोजे वापरा आणि उरलेल्या द्रावणात जास्तीचं सल्फेट घालून सगळं बेरियम साक्यात उतरवल्याशिवाय काही सिंकमध्ये ओतू नका.

हीच कल्पना उद्योगात मोठी झाली. समोरासमोर आदळणाऱ्या धारांनी औषधाचे बारीक स्फटिक पाडण्याचं पेटंट मर्कच्या अभियंत्यांना १९९४ मध्ये मिळालं. एमआरएनए लशींचे लिपिड कण बनवताना फायझरने अशाच धारा आदळवणाऱ्या मिक्सरांच्या रांगा वापरल्या. उत्पादन वाढवायला त्यांनी मिक्सर मोठा केला नाही, त्याच मापाचे अनेक मिक्सर शेजारी शेजारी लावले. मिश्रणाचा वेळ जपायचा हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

मोठ्या रिॲक्टरवर

१ लिटरवरून ५,००० लिटरवर जाताना लांबी-रुंदी सुमारे १७ पट होते. किलोमागची ऊर्जा तीच ठेवायची तर ४०० चे सुमारे ६० आरपीएम होतात. सूक्ष्ममिश्रण कागदावर तेवढंच राहतं. पण सगळ्या भांड्यात माल पसरायला प्रयोगशाळेत ३ सेकंदांच्या आसपास लागत होते, इथे २० च्या वर लागतात, आणि तेही चार पट्ट्या आहेत असं धरून. काचेचं अस्तर असलेल्या रिॲक्टरला बहुधा एकच बॅफल, म्हणजे तशी पट्टी, असतो. शिवाय ३० मिनिटांचंच डोसिंग ठेवलं तर मिनिटाला ७ मिलीच्या जागी ३५ लिटर एका तोंडातून कोसळतात, आणि तेही अनेकदा वरच्या नोझलमधून थेट पृष्ठभागावर. प्रयोगशाळेत मोठे स्फटिक देणारी कृती इथे चिखल देते ती या कारणाने. केमिस्टने कृती चुकीची दिली, असा आरोप करण्याआधी मॅनहोलमधून टॉर्च मारून आम्ल कुठे पडतंय ते बघावं.

बदल याच क्रमाने करावेत. आधी डिप पाइप, म्हणजे द्रवात बुडणारा पाइप, तोंड पात्याजवळ. त्याला मधे आधार हवा, नाहीतर प्रवाहाच्या माऱ्याने हलून अस्तराला तडा जाईल. द्रवाच्या पातळीच्या वर सायफन तोडणारं छिद्र हवं, नाहीतर डोसिंग थांबल्यावर रिॲक्टरमधला माल उलट टाकीकडे ओढला जाईल. डोसिंग संपताच पाइपात थोडा नायट्रोजन किंवा पाणी सोडून तोंड धुवावं. त्यानंतर डोसिंगचा वेळ. केंद्रकं सुरुवातीलाच उमटतात, म्हणून पहिला दहावा हिस्सा अगदी संथ सोडावा आणि पुढे वेग वाढवावा, एकूण वेळ फारसा वाढत नाही. द्रावण संपृक्त होऊन किंचित पुढे गेलं की आधीच्या बॅचमधले वाळवलेले, चाळलेले स्फटिक बियाणं म्हणून घालावेत, म्हणजे जास्तीच्या मालाला चढायला पृष्ठभाग मिळतो.

आरपीएम सर्वांत शेवटी. ६० चे ७५ केले तर मोटरवरचा भार जवळपास दुप्पट होतो आणि सूक्ष्ममिश्रणाचा वेळ सुमारे २८ टक्केच घटतो. ड्राइव्हचा नॉब फिरवण्याआधी मोटरचा ॲम्पिअर आणि गिअरबॉक्सची क्षमता तपासा, आणि स्फटिक किती तुटतात याचं उत्तर पायरी ४ मधल्या त्या ८०० च्या बॅचमधून आधीच तुमच्याकडे असेल.